उजेडाची खरखर

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला, एक अंधारी खोली होती. तिला एकच खिडकी आणि त्या खिडकीत कूलर. उरलेल्या फटींना आम्ही काळा कागद चिकटवला होता. खोलीच्या मधोमध कडप्प्याची जाड फरशी होती आणि तिच्याखाली हवा भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्यूबा, कारण बाहेरून एखादा ट्रक गेला तर त्याचा हादरा वर पोचायला नको. परदेशात अशा कामाला जे टेबल वापरतात त्याचा फोटो सरांनी भिंतीवर लावला होता. कोणी पाहुणा आला की ते आधी फोटो दाखवत, मग आमची फरशी दाखवत आणि म्हणत, "फरक फक्त रंगाचा हाय."

सर म्हणजे माझे गाईड. चांदूर बाजारकडचे, बोलण्यात पक्के वऱ्हाडी, आणि फळ्यावर लिहायला लागले की अक्षर छापल्यासारखं. मी अकोल्याची. जठारपेठेत आईचं भाजीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो. वडील मी शाळेत असतानाच गेले. सकाळी लवकरच्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं अमरावती, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा, असं माझं चार वर्षं चाललं होतं.

गाडीत रोज कोणीतरी विचारायचं, "काय शिकून राहिली बाई?" पहिल्या वर्षी मी उत्साहानं सांगायची. नंतर मी नुसतं "फिजिक्स" म्हणून खिडकीबाहेर बघायला शिकले. इथे मात्र सांगावंच लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

उजेड आपल्याला पाण्याच्या धारेसारखा सलग वाटतो, पण तो येतो कणाकणानं. परातीत तुरीची डाळ कितीही जपून ओतली तरी तिचा आवाज एकसारखा येत नाही, कधी चार दाणे जास्त पडतात, कधी चार कमी. उजेडाचंही तसंच. लेसर कितीही चांगला घ्या, उपकरणं कितीही भारी घ्या, कणांच्या येण्यातली ही खरखर जात नाही. पुस्तकात तिला क्वांटम नॉइज म्हणतात. आमच्या खोलीत तिचं नाव खरखर हेच होतं.

आम्हाला ती खरखर मोजायची होती. त्यासाठीची पद्धत सर अशी सांगत: एक किरण इतका अशक्त असतो की कुठलंही यंत्र त्याला ओळखत नाही. मग त्याच लेसरमधून निघालेला एक दांडगा किरण घ्यायचा आणि दोघांची गाठ एका अर्धपारदर्शक काचेवर घालायची. जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेतो तसा दांडगा किरण अशक्ताला उचलून घेतो. काचेतून उजेडाच्या दोन वाटण्या होतात, त्या दोन डिटेक्टरवर पडतात, आणि एकाच्या करंटमधून दुसऱ्याचा करंट वजा करायचा. लेसरमध्ये जो काही मळ असेल, त्याचं स्वतःचं थरथरणं वगैरे, तो दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजाबाकीत उडून जातो. राहतो तो अशक्त किरणाचा निरोप आणि उजेडाची स्वतःची खरखर.

ती खरखर खरी की खोटी हे तपासायची कसोटीही सोपी होती. उजेड दुप्पट करायचा. खरखरही दुप्पट झाली तर ती कणांची, म्हणजे खरी. ती चौपट व्हायला लागली तर समजायचं की वजाबाकी बरोबर झाली नाही, लेसरचा मळ अजून आत आहे. आलेखावर पहिली रेघ सरळ जाते, दुसरी वर वाकते. माझी सगळी पीएचडी एवढ्यावर अडली होती की रेघ सरळ यावी. आणि ती वाकडी येत होती.

नव्या डिटेक्टरांची जोडी आमच्या हातात पडली मार्चच्या सुरुवातीला. सर निवृत्त होणार होते मेच्या अखेरीला. हा विषय घेऊन मार्गदर्शन करणारं आमच्या भागात दुसरं कोणी नव्हतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात विद्यापीठाची समिती येणार होती. तिच्यासमोर रेघ दाखवता आली तर ते माझी नोंदणी नावापुरती दुसऱ्या विषयाच्या गाईडकडे लावून देणार होते आणि खोलीही राहणार होती. नाही दाखवता आली तर नोंदणी बंद आणि खोलीत कॉम्प्युटर. कॉम्प्युटरची खोकी व्हरांड्यात येऊनही पडली होती. त्यांच्यावर कोणीतरी रोज चहाचा कप ठेवून जायचं.

आईनं तिच्या परीनं सोय करून ठेवली होती. तिच्याकडे भाजी घेणारे एक मास्तर तेल्हाऱ्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते, राहायचे अकोल्यातच. त्यांच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा रिकामी होती. "मे संपायच्या आत हो का नाई ते सांगा," असं ते आईला म्हणाले होते. आई मला कधी थेट काही बोलली नाही, पण भाकरी थापता थापता तेल्हाऱ्याच्या एसटीच्या वेळा तिला पाठ असल्याचं मला कळायचं.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगते, कारण तोही या गोष्टीत आहे. माझं काही बिघडलं की ते कोणी बिघडवलं याचा शोध मी आधी लावते. मार्च-एप्रिलमध्ये माझं क्रमानं वीजमंडळाला, लेसर बनवणाऱ्यांना, डिटेक्टर पाठवणाऱ्या दुकानदाराला आणि आमच्या विभागप्रमुखांना दोष देऊन झालं होतं. विभागप्रमुखांचा काय संबंध, हे मला आजही सांगता येणार नाही.

वीजमंडळाचा दोष मात्र पटण्यासारखा होता. तेव्हा लोडशेडिंग म्हणजे रोजचा पाहुणा. वीज असली तरी व्होल्टेज कधी इतकं कमी की बल्बची तार नुसती लाल दिसायची. सरांच्या ओळखीचे एक चाचा होते, त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. कमी व्होल्टेजनं आणि विहिरी तळाला गेल्यानं शेतातले पंप जळत होते, आणि जळालेल्या मोटरांची रांग चाचांच्या दुकानातून फुटपाथवर आली होती. "धंदा अच्छा है, लेकिन ऐसा अच्छा नहीं होना चाहिये," असं ते म्हणायचे. तरी शुक्रवारची नमाज झाली की ते सायकलवर आमच्याकडे यायचे. सरांच्या खोलीतली अर्धी अवजारं त्यांच्या हातची होती.

मी त्यांना म्हटलं, "चाचा, आमच्या रेघेत लाइनीची घाण येऊन राहिली."

सरांनी एक छोटी जोडणी केली होती. तिच्यामुळे डिटेक्टरमधली खरखर कानाला ऐकू येईल अशी व्हायची. चाचांनी तिला जुन्या रेडिओचा स्पीकर लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत बसले. मोटरचं बेअरिंग गेलं की नाही हे ते पेचकस कानाला लावून ओळखायचे, तसंच.

"ये गुणगुण तो लाइन की है, बेटी. बॅटरी पे डालो, चली जायेगी," ते म्हणाले. "और ये जो पीछे सर-सर हो रही?"

"तो उजेडाचा आवाज हाय," सर म्हणाले.

"रोशनी का?"

"उजेड दाण्यादाण्यानं येते चाचा. ते दाणे पडून राहिले."

चाचांनी पुन्हा कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "फिर इसको कौन बंद करेगा? ये तो उसके आने की आवाज है." दोन वर्षं मी जे परिच्छेदच्या परिच्छेद लिहून सांगत होते ते या माणसानं स्पीकरजवळ उकिडवं बसून एका वाक्यात सांगितलं, आणि मला त्यांचा थोडा रागच आला.

पुढच्या शुक्रवारी चाचा ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि जाड पत्र्याची एक पेटी घेऊन आले. सगळं बॅटरीवर घेतलं, गुणगुण गेली. रेघ मात्र वाकडीच राहिली.

फक्त एक दिवस ती सरळ आली होती. एप्रिलमध्ये एकदा सकाळपासून दुपारपर्यंत वीज नव्हती. त्या दिवशी घामाच्या धारांत, बॅटरीवर, मी मापं घेतली आणि रेघ पट्टीनं आखल्यासारखी आली. म्हणजे दोष विजेचाच, मी मनाशी पक्कं केलं. आमची बॅटरी आहे, पण शेजारच्या खोल्यांची वीज भिंतीतून येत असेल, तारांमधून येत असेल. मी सगळ्या विभागाला दुपारी दोन तास मेन स्विच बंद करायला लावला. मे महिन्यात, अमरावतीत. लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. रेघ वाकडीच आली.

मग मी सरांना म्हटलं, "तो एक दिवसाचा आलेख आहे ना, तोच दाखवू समितीला."

"अन त्यायनं म्हटलं, आत्ता काढून दाखव, तं?"

"नाही म्हणणार."

"अन नाही म्हटलं तरी, तुले माहीत हाय ना का ते रोज येत नाही?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमचं काय सर, तुम्ही पेन्शनीत चालले. मला तेल्हाऱ्याला जावं लागंल."

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि लेन्स पुसायच्या कागदाची चवड सरळ करत बसले. त्या दिवशी मी त्यांना न सांगता निघाले. ते वाक्य मी बोलले याची मला अजूनही लाज वाटते, आणि त्यांनी ते कधीच काढलं नाही म्हणून जास्त वाटते.

परतीच्या गाडीत समोरच्या माणसाच्या हातात पेपर होता. तेव्हा आमच्या भागातल्या पेपरांच्या पहिल्या पानावर रोज एकच बातमी असायची, कुठल्यातरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची, फक्त गावाचं नाव बदलायचं. कोणी मोठ्यानं वाचत नसे. पेपर हातोहात फिरायचा आणि ज्याच्या हातात जाई तो आधी गावाचं नाव बघायचा, आपल्या ओळखीचं आहे का म्हणून. गावोगावी जीपगाड्या फिरत होत्या, लोक पाहणी करायला येत होते, लिहून घेत होते, जात होते. आणि मी रोज एका अंधाऱ्या खोलीत उजेडाची किती खरखर उरते ते मोजत होते. मला स्वतःची किळस आली. हे मी एकदा सरांना बोललेही होते. त्यांच्याकडून मोठ्या उत्तराची अपेक्षा होती, उद्या यातून शेतीला अमुक फायदा होईल असं काही. ते म्हणाले, "होईल असं मी म्हणणार नाही. मले माहीतच नाही तं कसं म्हणू? आपल्याकडे जो येते तो अंदाजानं बोलून जाते. एक खोली तरी अशी असू दे जिथी मोजल्याबिगर बोलत नाहीत." तेव्हा मला ते उत्तर अपुरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी गाडीत ते पुन्हा आठवलं आणि तेव्हाही अपुरंच वाटलं, पण टाकून देता आलं नाही.

दुसरा दिवस रविवार होता. आई दुकानात बसली होती आणि मी घराची फरशी पुसत होते, म्हणजे फडक्यावर राग काढत होते. पाण्याचा हिशेब आमच्या घरात कडक. आईचं माहेर खारपाण पट्ट्यातलं, तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. तिथल्या बायका गोडं पाणी लांबून आणायच्या आणि प्यायला नि रांधायला तेवढंच वापरायच्या. बाकी सगळं खाऱ्यावर. अकोल्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी आईनं ती रीत सोडली नव्हती. नळ आठवड्यातून कधीतरी यायचा, ते पाणी माठात. बोअरचं खारं पाणी धुणं, भांडी आणि फरशीला. गोड्या पाण्याचा तांब्या फरशीवर सांडला तर आमच्याकडे देवाची मूर्ती पडल्यासारखं व्हायचं.

आई आत डोकावली आणि म्हणाली, "पुन्हा पूस. पांढरं दिसून राहिलं."

"आताच तर पुसली. चकचकीत होती."

"वली असते तोवर दिसतेच साफ. खारं पाणी हाय ते. वाळलं का मंग पाह्य."

मी फरशीकडे पाहिलं. दाराजवळची, आधी पुसलेली लादी वाळली होती आणि तिच्यावर पांढुरके फराटे उठले होते. माझ्या गुडघ्यापाशी अजून ओल होती आणि तिथे लादी आरशासारखी होती. मी फडकं हातात धरून तशीच बसले. मग फडकं टाकलं आणि उठून माझी वही शोधायला लागले. आई म्हणाली, "अर्धी राहिली ना!" मी ऐकलंच नाही.

मार्च लागला तेव्हा पाणीकपात सुरू झाली होती. कॉलेजात पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी आणि संडास-बागेसाठी टँकरचं खारं पाणी वेगळं. आमच्या खोलीतला कूलर भरायला शिपाई गोड्या पाण्याची बादली घेऊन आला तेव्हा मीच त्याला थांबवलं होतं. कूलरला गोडं पाणी? आमच्याकडे कोणी असं पाप करत नाही. मी त्याला खारं पाणी भरायला लावलं, आणि रोज स्वतः लक्ष ठेवून भरून घेतलं. मला त्याचा अभिमानही होता.

आणि आमची कामाची पद्धत अशी होती: सकाळी गेल्या गेल्या कूलर लावायचा, कारण उन्हाळ्यात खोली तापली की लेसर बिथरतो. कूलर चालू असताना तासभर बसून दोन्ही डिटेक्टरवरचा उजेड बारीक स्क्रूनं सारखा करायचा. मग कूलर बंद करायचा, कारण त्याच्या पंख्यानं फरशी थरथरते, आणि त्यानंतरच्या तासाभरात मापं घ्यायची. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार यायचे. दोन डिटेक्टरपैकी एक खिडकीच्या बाजूला होता. त्याच्या काचेवर रोज थोडं थोडं मीठ बसत होतं. कूलर चालू असेतो ते ओलं राहायचं आणि काच साफ असायची, आम्ही दोन्हीकडचा उजेड बरोबर सारखा करायचो. कूलर बंद केला की काच वाळायची, पांढुरकी व्हायची, आणि आम्ही सारख्या केलेल्या दोन वाटण्या मापं घेता घेता असमान होत जायच्या. मग वजाबाकीत मळ कसा उडणार?

वहीत रोजच्या मापांखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "शेवटी तपासलं, तोल थोडा सरकलेला. उष्णतेमुळे." हे मी तीस-पस्तीस वेळा लिहिलं होतं. आणि ज्या दिवशी रेघ सरळ आली त्या दिवशी वीज नव्हती म्हणजे कूलरच लागला नव्हता. काच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाळलेलीच होती. विभागाचा मेन स्विच बंद करायला लावला तेव्हा मात्र कूलर आधी तासभर चालून गेला होता.

सोमवारी मी खोलीत गेले, लेसर बंद ठेवून नुसती टॉर्च घेतली आणि खिडकीकडच्या डिटेक्टरच्या काचेवर तिरपी धरली. आईच्या बादलीच्या काठाला जसा पापुद्रा धरतो तसाच होता, फक्त पातळ. मी सर येईपर्यंत काहीही पुसलं नाही. ते आले, वाकून पाहिलं, बोटाचं टोक काचेजवळ नेऊन थांबले आणि मग त्यांनी कूलरकडे पाहिलं.

"खारं पाणी कोण भरते यात?"

"मी, सर. मीच सांगितलं शिपायाला."

सर खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. इतकं हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटलं होतं ते रागावतील, आणि ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. हसू ओसरल्यावर म्हणाले, "मायी आई असती तं तिनंही हेच केलं असतं. चल, स्पिरिट आण." आम्ही दोघांनी ती काच पुसली, मग दुसरीही पुसली, आरसे पुसले, आणि कूलर बंदच ठेवून एका बाजूला सारला. लेसरला ओल्या फडक्यांची घडी गुंडाळली, गोड्या पाण्याची. फडकं भिजवताना माझा हात अडखळला, ते सरांनी पाहिलं.

त्या दिवशी रेघ सरळ आली. मंगळवारीही आली. बुधवारी मी मुद्दाम वाकडी यावी म्हणून जे जे सुचेल ते केलं, तरी ती सरळच आली. सरांचं मात्र समाधान झालं नव्हतं. गुरुवारी ते म्हणाले, "आता अशक्त किरण अडव." मी काळा पुठ्ठा मधे धरला. किरण बंद झाला, म्हणजे काचेवर त्या बाजूनं आता काहीच येत नव्हतं. मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची खरखर जागची हलली नाही. काहीच न पाठवता जे येतं ते तेवढंच होतं, आणि पुस्तकात ते तेवढंच असायला हवं असं लिहिलेलं आहे. रिकाम्या जागेलाही तिची स्वतःची चळवळ असते. सर पडद्याकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं फळ्यावर शिकवलं हे. एकदा एका पोरानं विचारलं होतं, सर, तुमी पाह्यलं काय? मी हो म्हटलं." चष्मा काढत ते म्हणाले, "खोटं बोललो होतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी पुठ्ठा धरूनच उभी होते. मला रडू आलं नाही, पण इतकं हलकं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे.

समितीत तिघे होते. त्यांच्यातल्या एकांनी खरोखरच विचारलं, "आत्ता काढून दाखवता येईल?" बाहेर भर दुपार, कूलर बंद, आत सात माणसं. तिघांचेही शर्ट पाठीला चिकटले. मी उजेड वाढवत गेले, एकेक बिंदू कागदावर पडत गेला, आणि शेवटच्या बिंदूवर त्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातली पट्टी काढून लावून पाहिली. मग ते म्हणाले, "अडीच महिने का लागले?" मी सरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मी खारं पाणी, कूलर, काच, सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "हे प्रबंधात घाला. पुढच्यांना उपयोगी पडेल." नोंदणी चालू राहिली. खोली वर्षभरासाठी आमच्याकडे राहिली. व्हरांड्यातली खोकी दुसऱ्या मजल्यावर गेली.

मी संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला आले ती थेट दुकानात. आई उरलेली भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि वांग्यांवर पाणी मारत राहिली. मला वाटलं हिला कळलं नाही. म्हणून मी म्हटलं, "आई, आता तेल्हाऱ्याच्या मास्तरांना नाही म्हणून सांगावं लागंल. मी उद्या जाऊन सांगू का?"

"सांगतलं मी."

"कधी?"

"आठ-नऊ दिस झाले. तू फरशी अर्धी टाकून पळाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी ते मेथी घ्याले आले, तवाच सांगतलं. म्हटलं, पोट्टी येत नाई, जागा दुसऱ्याले द्या."

 त्या सोमवारी माझ्याकडे एका दिवसाची रेघ होती आणि समिती यायची होती. जागा गेली असती आणि नोंदणीही गेली असती तर आमच्याकडे काहीच उरलं नसतं. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा मोठ्यानंच. "आणि नसतंच जमलं तर?"

आईनं हातातलं वांगं खाली ठेवलं. "तू मार्चपासून घरी येऊन रोज सांगे, लायटीची चूक हाय, मशीनची चूक हाय, सायबाची चूक हाय. मले वाटे, या पोट्टीचं काई होत नाई, जाऊ दे तेल्हाऱ्याले. मंग त्या सोमवारी तू आली, चप्पल काढाच्या आधी म्हणाली, आई, चूक माईच होती." तिनं पुन्हा वांगं उचललं. "तवा मले समजलं का आता होते."

मला रडू फुटलं. तिथेच, दुकानात, गिऱ्हाइकासमोर. आईनं मला गप्प केलं नाही. कोथिंबिरीची, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराची, एक मोठी जुडी तिनं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "रड, पण हात चालू ठेव." मी पिवळी पानं काढत बसले. उद्या सकाळची गाडी पकडायची होती, आणि परवाची, आणि तेरवाची.